व्हॅक्यूम क्लीनरचा पाईप फाटलाय? मशीन भंगारात देण्याआधी हे वाचा

आपल्या साईटवर आपण बहुतेक वेळा मोबाईल, ॲप, सेटिंग असल्या गोष्टींवर बोलतो. आज जरा वेगळा विषय आहे, पण मोबाईल यातही लागणार आहे. विषय आहे घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरचा तो नागमोडी, कड्याकड्यांचा पाईप. तो फाटला, तडकला की मशीन ओढतच नाही, आणि बरेच जण 'मोटर गेली वाटतं' म्हणून चांगलं मशीन देऊन टाकतात. आमच्या घरातही तेच होणार होतं.

मी मुरगूडचा. कागल तालुक्यात वेदगंगेच्या काठावर आमचं गाव. आजूबाजूला सगळा ऊस. दिवाळी झाली की हंगाम सुरू होतो, आणि कुठंतरी फड पेटवला की काळी काजळी वाऱ्यावर उडत उडत थेट घरात येते. वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर पडली आणि झटकायला गेलं की काळी रेघ उमटते. आमच्या आज्जीला दम्याचा त्रास आहे. केरसुणीनं झाडलं की ती काजळी आणि धूळ खाली बसायच्या ऐवजी पुन्हा हवेत उठते, आणि आज्जीचा खोकला सुरू होतो. म्हणून काही वर्षांपूर्वी आईनं भिशीच्या पैशातून व्हॅक्यूम क्लीनर घेतला. गल्लीतला पहिला. शेजारच्या काकू तो बघायला आल्या होत्या.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्यानं मान टाकली. आवाज पूर्वीसारखाच, पण जमिनीवरचा कागदाचा कपटासुद्धा उचलेना. त्याच आठवड्यात एका दुकानात एक्स्चेंज ऑफर लागली होती. जुनं मशीन द्या, 500 रुपये सूट घ्या, नवं साडेसहा हजाराला. बाबा तयार झाले. आई काही बोलली नाही, पण तिनं मशीन पुसून, वायर गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं ते बघून मला कसंतरी झालं. मी म्हटलं, मला दोन रविवार द्या.

हे मशीन खरं तर ओढतच नाही

पाईपला चीर गेली म्हणून एवढं काय बिघडतं, हे समजायचं तर आधी मशीन चालतं कसं ते बघू. गंमत म्हणजे हे मला आबांनी सांगितलं, यूट्यूबनं नाही.

मी अंगणात पाईप उलटासुलटा करून बघत होतो. आबा बाजूला बसले होते. मी त्यांना मधली चीर दाखवली. ते म्हणाले, "अरे, पाईप एअर घेतोय त्यो. सक्शनला भोक पडलं की मोटर कितीबी फिरू दे, पाणी न्हाई यायचं."

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. नदीकाठच्या मोटरीचा सक्शन पाईप कुठं तडकला, किंवा तळाचा फुटबॉल, म्हणजे फूट व्हॉल्व्ह, नीट बसला नाही, की मोटर नुसती गरगरते. का? कारण पंप पाणी वर 'ओढत' नाही. पंप पाईपातला दाब कमी करतो, आणि बाहेरची हवा नदीच्या पाण्यावर दाब देऊन ते पाणी पाईपात वर ढकलते. मधे भोक असेल तर पाण्याच्या आधी हवाच आत घुसते, कारण पाण्यापेक्षा हवेला आत यायला सोपं.

व्हॅक्यूम क्लीनरचंही तेच. आतला पंखा भन्नाट वेगानं फिरून मशीनमधला दाब कमी करतो. घरगुती मशीनमध्ये हा फरक साधारण 15 ते 20 किलोपास्कल असतो. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब 100 किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे मशीन त्यातला पाचवा हिस्सा कमी करतं. ऐकायला थोडं वाटतं. पण तेवढ्या दाबावर पाणी जवळजवळ दोन मीटर वर चढेल. पाईपाचं तोंड तळहातानं बंद केलं तर सुमारे दीड किलोचं वजन हातावर असल्यासारखं वाटतं. ते 'खेचणं' नाही, हाताच्या मागून बाहेरची हवा ढकलत असते.

आता पाईपाला कडी कडी का असतात तेही कळलं असेल. आत दाब कमी, बाहेर जास्त. साधा मऊ पाईप लावला तर फ्रुटीचा पॅक शेवटी चिपकतो तसा तो चिपकून जाईल. कड्यांमुळे तो गोल राहतो आणि वाकतोही. काही पाईपांत कड्यांच्या आत स्टीलची बारीक तार असते, काहींत नुसतं कडक प्लास्टिक.

आणि वेग? चांगल्या चालणाऱ्या मशीनमधून सेकंदाला साधारण 30 लिटर हवा जाते असं धरू. पाईप आतून 32 मिलीमीटरचा असेल, तर गणित करून बघा, हवेचा वेग येतो ताशी 130 किलोमीटरच्या वर! एवढा वेग असतो म्हणूनच वाळूचा कण पाईपात खाली न बसता पिशवीपर्यंत पोचतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं माझा एक घोळ झाला त्यात ती लागणार आहे.

जाता जाता एक गोष्ट. 1901 साली इंग्लंडमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यानं जे मशीन केलं ते इतकं मोठं होतं की घोडागाडीवरून आणून रस्त्यावर उभं करायचे आणि लांबच लांब पाईप खिडक्यांतून घरात सोडायचे. म्हणजे सुरुवातीपासून खरं काम पाईपाचंच. पुढं अमेरिकेत जेम्स मरे स्पँगलर नावाच्या माणसानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीची खोळ जोडून घरात फिरवता येईल असं मशीन केलं, त्याचं पेटंट 1908 चं. तो एका दुकानात साफसफाईचं काम करायचा आणि त्याला दमा होता, झाडताना उडणाऱ्या धुळीनं तो बेजार व्हायचा. हे वाचून मी आज्जीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग त्याला कळलं असणार माझं दुखणं." आपल्याकडं 1982 साली युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि तिच्या सेल्समननी दारोदार जाऊन व्हॅक्यूम क्लीनर दाखवले. वडीलधाऱ्यांना विचारा, गादीतून काढलेली धूळ पांढऱ्या कापडावर दाखवणारे ते टाय घातलेले तरुण त्यांना आठवतील.

आधी खात्री करा, दोष पाईपाचाच आहे का?

इथं घाई करू नका. मी केली होती.

सगळ्यात पहिलं, पाईपाच्या हँडलवर एक छोटी सरकती खिडकी असते. पडदे, पातळ चादरी साफ करताना मशीननं कापड गिळू नये म्हणून ती उघडायची असते. म्हणजे ते मुद्दाम ठेवलेलं भोकच. ती चुकून उघडी राहिली असेल तर मशीन मरगळल्यासारखं चालतं. आमच्याकडं बहिणीनं ती उघडून ठेवली होती. ती बंद केल्यावर थोडा फरक पडला, पण मूळ दुखणं वेगळं होतं.

मग हाताची परीक्षा. पाईप पूर्ण काढा, मशीन चालू करा आणि ज्या भोकात पाईप बसतो तिथं तळहात ठेवा. जोरात चिकटला? म्हणजे मोटर, पिशवी, फिल्टर ठीक आहेत. आता पाईप लावून त्याच्या टोकाला हात ठेवा. इथं जोर कमी झाला तर दोष पाईपात. मग दांडा, मग ब्रश, असं एकेक जोडत जा. जिथं जोर पडतो तिथं दोष. मशीनच्या तोंडाशीच जोर नसेल तर मात्र पाईपाला हात लावू नका, आधी पिशवी रिकामी करा आणि फिल्टर बघा. बारीक काजळीनं फिल्टरची भोकं अशी लिंपली जातात की वरून स्वच्छ दिसतो पण हवा जात नाही.

पाईपात दोन प्रकारचे दोष असू शकतात, तुंबलाय किंवा फाटलाय. तुंबलाय का बघायला मशीन बंद करून पाईपातून एक गोटी सोडा. दुसऱ्या टोकातून टपकन पडली तर रस्ता मोकळा. अडकली तर केरसुणीच्या दांड्यानं हळूच ढकला, तार खुपसू नका, आतून नवीन भोक पडेल. माझ्या मित्राच्या पाईपातून यातच लहान बाळाचा मोजा निघाला होता.

दोन्हींचा आवाज वेगळा असतो, आणि इथं मोबाईल कामाला येतो. पाईप तुंबला की मोटरीचा आवाज बारीक, चढा होतो. पंख्याला हवा ढकलायचं काम कमी पडतं म्हणून तो जास्त वेगानं फिरतो. (आणि ह्या मशिनांत मोटर आतून जाणाऱ्या हवेनंच थंड होते, म्हणून तुंबलेलं मशीन फार वेळ चालवलं तर गरम होऊन बंद पडतं.) पाईप फाटला असेल तर टोकाला हात ठेवूनही आवाज फारसा बदलत नाही, कारण हवा भोकातून येतच राहते, वर बारीक शिट्टीही ऐकू येते. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं केलेलं 'फायफॉक्स' नावाचं मोफत ॲप आहे, त्यात ऑडिओ स्पेक्ट्रम आहे. मशीन चालू ठेवून टोक उघडं असताना आणि हातानं बंद केल्यावर, असं दोनदा बघा. चांगल्या पाईपाला टोक बंद केल्यावर आवाजाचा उंचवटा उजवीकडं सरकलेला स्पष्ट दिसतो. आमच्या पाईपाला तो जागचा हललाच नाही.

आता चीर शोधायची. खोलीत अंधार करा, मोबाईलचा टॉर्च पाईपाच्या एका तोंडाला लावा आणि पाईप सावकाश वाकवत बघा. जिथं चीर असेल तिथं उजेडाची रेघ चमकते. वाकवल्याशिवाय दिसत नाही, कारण सरळ असताना कड्या चीर मिटवून घेतात. पाईप काळा आणि जाड असेल तर हा उपाय फार चांगला चालतो. पाईप पारदर्शक असेल तर मशीन चालू करून पातळ कॅरीबॅगची एक पट्टी पाईपाजवळून फिरवा, भोकाशी ती चटकन चिकटते. उदबत्तीचा धूर फिरवून बघा असं कुणी सांगेल. नको. ठिणगी आत गेली तर आत पिशवीभर कोरडी धूळ आहे.

आमच्या पाईपाला मधोमध चार बोटं लांब चीर होती, आणि मशीनच्या बाजूला मानेजवळ दोन बारीक.

टेप, एम-सील, ट्यूब: जुगाड किती चालतात?

सगळे करून बघितले, म्हणून सांगतो.

इन्सुलेशन टेप: चार दिवस. पाईप वाकला की टेप सुटते, आणि तिच्या गोंदावर काजळी बसून सगळं चिकट काळं होतं. एम-सील: त्याहून वाईट. ते दगडासारखं कडक होतं, आणि मऊ पाईप नेमका त्याच्या कडेला नव्यानं तडकतो. पंक्चरचं सोल्यूशन: पाईप बऱ्याचदा अशा प्लास्टिकचा असतो की त्याला हे चिकटतच नाही, वाळल्यावर सालीसारखं निघून येतं.

त्यातल्या त्यात बरा निघाला तो मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. स्टँडजवळच्या पंक्चरवाल्या मामांनी फुकट दिला. वीतभर तुकडा नळीसारखा कापायचा, पाईपावर चढवायचा, दोन्ही कडांना दोऱ्यानं किंवा झिप टायनं आवळायचं. रबर असल्यामुळं पाईपासोबत वाकतं, आणि आतला कमी दाबच त्याला चिरेवर घट्ट बसवतो. ह्यावर आमची दिवाळीची सफाई निभली. पण पाईप जड झाला आणि महिनाभरात ट्यूबच्या बाजूला तिसरी चीर आली. प्लास्टिक म्हातारं झालं की असंच होतं, एक शिवलं की दुसरीकडं उसवतं.

आबांनी मध्येच सुचवलं की शेडमध्ये सक्शनचा हिरवा पाईप शिल्लक आहे, तो लाव. तोही लावून बघितला! हवा एकदम ओढली, खोटं कशाला बोलू. पण तो इतका जड आणि ताठ की पाईप वळवला की मागं मशीनच आडवं व्हायचं. बहीण म्हणाली, हे झाडणं नाही, बैल वळवणं आहे.

माप घेताना माझा घोळ

मग नवीन पाईप घ्यायचा ठरवलं. मी शहाणपणानं पाईपाभोवती दोरा गुंडाळला, दोरा मोजला, 122 मिलीमीटर. 3.14 नं भागलं, 39 आलं. ऑनलाईन '38 एमएम युनिव्हर्सल' असा पाईप दिसला, मागवला. आला तर आमच्या कनेक्टरच्या बाहेरच राहतोय!

चूक कुठं झाली? पाईपाचं माप आतल्या व्यासाचं सांगतात, मी बाहेरचं घेतलं होतं. कड्यांमुळे आतून 32 असलेला पाईप बाहेरून 38-40 भरतो. आणि समजा मी टेप गुंडाळून तो 38 चा बसवला असता, तरी बरं झालं नसतं. पाईप रुंद झाला की तेवढीच हवा सावकाश जाते. वर 130 किलोमीटरचा हिशेब केला, 38 मिलीमीटरला तोच वेग 95 च्या आसपास येतो, आणि वाळूचे कण पाईपातच बसायला लागतात. लांबीचंही तसंच. 'जरा लांब घेऊ, सोयीचं पडेल' असं वाटतं, पण लांब पाईपात हवेचं घर्षण वाढतं. होता तेवढाच घ्या.

म्हणजे मापं अशी घ्या. आतला व्यास, पाईपाच्या कापलेल्या टोकाशी, शक्य असेल तर व्हर्नियर कॅलिपरनं. बाहेरचा व्यास. एकूण लांबी, न ताणता. आणि दहा कड्या किती सेंटीमीटरमध्ये बसतात ते, कारण कनेक्टरच्या आतले आटे पाईपाच्या कड्यांवरच बसतात. अंतर वेगळं असेल तर व्यास जुळूनही पाईप फिरत नाही. मोबाईलचं मोजमापाचं ॲप इथं वापरू नका, त्याला दोन-चार मिलीमीटरचा फरक कळत नाही. त्याऐवजी पाईपाच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून बरोबर वरून फोटो काढा. मशीनच्या खाली मॉडेल नंबरची पट्टी असते, तिचाही फोटो घ्या. हे दोन फोटो दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवले की निम्मं काम होतं.

मी पुढच्या रविवारी एसटीनं कोल्हापूरला गेलो, स्टँडवरून चालत शाहूपुरी. फोटो होतेच, पण जुना कनेक्टर आणि पाईपाचा वीतभर तुकडाही पिशवीत घेतला होता. दुकानदार काकांनी तुकडा हातात घेतला, फिरवला, आणि न मोजता म्हणाले, "बत्तीस. डावा आटा." दोन मीटर पाईप 420 रुपयांना मिळाला. कंपनीचा अख्खा, दोन्ही टोकांसकट पाईप घ्यायचा तर त्याच्या तिप्पट सांगितले. तुमची टोकं धड असतील तर नुसता पाईप बदलून भागतं.

डावा आटा म्हणजे काय, आणि पाईप बदलायचा कसा

सगळ्यात आधी प्लग काढा. नुसतं बटन बंद करून नाही, प्लगच काढा. एक गोष्ट तपासा, पाईपाच्या टोकाला धातूचे संपर्क किंवा वायर दिसते का? काही मशिनांत हँडलवर बटन किंवा ब्रशमध्ये मोटर असते आणि पाईपाच्या आतून वीज जाते. तसं असेल तर कापाकापी करू नका, कंपनीचा पूर्ण पाईपच घ्या. वॉरंटी चालू असेल तरीही स्वतः उघडू नका.

मशीनच्या तोंडातून पाईप काढायला कुठं बटन दाबावं लागतं, कुठं थोडं फिरवून ओढावं लागतं. काढायच्या आधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा. 'लक्षात राहील' असं वाटतं, राहत नाही.

आता टोकाचा कनेक्टर. बहुतेक ठिकाणी तो पाईपाच्या कड्यांवर नट-बोल्टसारखा फिरवून बसवलेला असतो. पण नेहमीच्या दिशेनं फिरवून तो निघत नाही आणि आपण जोर लावून तोडतो, कारण इथं बऱ्याचदा आटे उलटे असतात. ओळखायचं असं: पाईप उभा धरा आणि समोरच्या कड्या बघा. कड्या उजवीकडं चढत असतील तर साधा आटा, नेहमीसारखा घड्याळाच्या उलट फिरवून निघेल. डावीकडं चढत असतील तर डावा आटा, तो घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो. मी हे न बघता पंधरा मिनिटं पक्कड घेऊन आवळतच बसलो होतो. कड्या चढत नसून वेगवेगळ्या गोल बांगड्या असतील, तर कनेक्टर फिरवून नाही, आतल्या खाचेत अडकवलेल्या क्लिपनं बसलेला असतो. कडेला दोन छोट्या खिडक्या दिसतात, त्यातली बटनं स्क्रू ड्रायव्हरनं दाबून ओढा.

तरीही निघत नसेल तर टोक दोन-तीन मिनिटं गरम पाण्यात बुडवा. उकळतं नको, चहा पिण्याइतकं गरम. प्लास्टिक मऊ पडतं आणि फिरतं. चिकटवलेलाच असेल तर पाईप कनेक्टरच्या कडेला कापून टाका आणि आत राहिलेला तुकडा पकडीनं ओढून ओढून काढा. कनेक्टर जपा, जुना पाईप तसाही जाणारच आहे.

नवीन पाईप कापताना कटरचं पातं दोन कड्यांच्या मधल्या खाचेतून गोल फिरवा, म्हणजे टोक सरळ येतं. तिरकं कापलं तर तिथूनच हवा घुसेल. आत तार असेल तर ती पकडीनं तोडून टोक आत वळवा. मी वळवलं नाही, अंगठ्यात घुसलं. बसवताना आट्यांवर थोडं साबणाचं पाणी लावा, सरसर फिरतो. तेल लावू नका, त्यावर धूळ चिकटून बसते. शेवटपर्यंत, आतल्या कडेला टेकेपर्यंत फिरवा. गोंद लागत नाही.

एक राहिलं. चीर टोकापासून वीतभर अंतरावरच असेल तर नवीन पाईप घेऊच नका. तेवढा तुकडा कापायचा आणि कनेक्टर उरलेल्या पाईपावर फिरवून बसवायचा. पाईप वीतभर आखूड होतो, खर्च शून्य. बहुतेक पाईप मानेजवळच फाटतात, कारण तिथंच सगळ्यात जास्त वाकतात. म्हणजे अनेकांचं काम ह्यातच होईल.

पार्टच मिळत नसेल तर?

जुन्या मॉडेलला हे होतं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं 24 डिसेंबर 2022 ला 'राईट टू रिपेअर' नावाचं पोर्टल सुरू केलं. त्यात घरगुती उपकरणं, मोबाईल, गाड्या आणि शेतीची अवजारं अशी चार क्षेत्रं आहेत, आणि कंपन्यांनी स्पेअर पार्ट, वॉरंटी, सर्व्हिस सेंटर यांची माहिती तिथं द्यावी असा हेतू आहे. आधी तिथं तुमची कंपनी शोधा. दाद मिळालीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर 1915 आहे.

आणि नवीन मशीन घ्यायचीच वेळ आली तर खोक्यावरचे वॅट बघून भुलू नका. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं, ओढतं किती ते नाही. युरोपात सप्टेंबर 2017 पासून 900 वॅटच्या वरचे नेहमीचे घरगुती व्हॅक्यूम क्लीनर बाजारात आणायला बंदी आहे, तरी तिथली घरं काही धुळीनं भरली नाहीत. दुकानात विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: ह्याचा पाईप सुटा मिळतो का?

पुन्हा फाटू नये म्हणून

आमचा पाईप का फाटला ते नंतर कळलं. बहीण मशीन पाईपाला धरून ओढत न्यायची, दावं धरून रेडकू न्यावं तसं. सगळा ताण मानेवर. वर तो एका खिळ्यावर मधोमध अडकवून ठेवलेला, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जागी मोडलेला, बरोबर जिथं ती मोठी चीर पडली तिथंच. खिडकीतून दुपारचं ऊनही त्यावर यायचं, त्यानं प्लास्टिक कडक होतं. आता बाबांनी भिंतीत दोन लाकडी खुंट्या ठोकल्यात, हातभर अंतरानं, पाईप त्यांच्यावर मोठा वळसा घेऊन लटकतो.

कोरड्या हवेत नवीन पाईप कधीकधी हाताला चुटकन शॉक देतो. घाबरू नका, प्लास्टिकवर धूळ घासून साठलेली ती स्थिर वीज आहे. मात्र साध्या मशीननं पाणी किंवा चुलीतली गरम राख कधीच ओढू नका.

पाईप बसवला त्या संध्याकाळी फायफॉक्स पुन्हा लावून बघितलं. टोकावर हात ठेवला आणि उंचवटा झपकन उजवीकडं गेला. मी मोबाईल आईला दाखवायला गेलो. तिनं स्क्रीनकडं बघितलंसुद्धा नाही. पाईप माझ्या हातातून घेतला आणि आज्जीच्या कॉटखाली घातला. आज्जी कॉटवरच बसून होती, पदर नाकाला न लावता.